पाटलांचं कपाट

लेखकाच्या आडनावावरून पुस्तक शोधायचं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. कथा-कादंबरी हवी असेल तर आडनाव विचारायचं आणि त्या अक्षराच्या मांडणीकडे जायचं. बाकीचं सगळं विषयावर. शेती शेतीत, औषध औषधात, देवधर्म देवधर्मात. पुस्तक आलं की नोंदवहीत त्याला क्रमांक पडतो, शिक्का बसतो, त्याचं एक कार्ड लाकडी खणात जातं. झालं. हे मी पहिल्या आठवड्यात शिकलो आणि निवृत्त होईपर्यंत याहून अवघड काही शिकावं लागलं नाही. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली मंडळी रागावतील. रागावोत.

जळगावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. वाचनालयाचं नाव लिहीत नाही. माझं आडनाव शिंपी. या आडनावाची एक सोय आहे. 'कोणते शिंपी?' असं मला आयुष्यात कोणी विचारलं नाही, सगळं आडनावातच आलं. पाटलांचं तसं नाही. 'मी पाटील' म्हटल्यावर समोरचा हसतो, पाण्याचा तांब्या पुढे करतो आणि हळूच विचारतो, 'पाटील म्हणजे कोणते?' गाव कोणतं, असा त्याचा अर्थ नसतो. खानदेशात चार-पाच जातींत पाटील आहेत आणि एका जातीतला पाटील दुसरीतल्या पाटलाच्या घरी मुलगी देत नाही. कोण कोणते ते मी इथे लिहिणार नाही. आमच्याकडच्या वाचकाला ते सांगायला नको आणि बाहेरच्याला त्याची गरज नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला 'वाचनालयातल्या गमती' लिहायला सांगितलं. आहेत ना गमती. आमचे एक मारवाडी कापड-दुकानदार रहस्यकथा न्यायचे ते आधी शेवटचं पान वाचून. खुनी पसंत पडला तरच पुस्तक घरी जायचं. नशिराबादचे एक आजोबा यायचे, त्यांना दर खेपेला 'ते मागचं, जाड, त्यात एक विधवा असते' हवं असायचं. तशी दोनशे निघाली असती. पहूरच्या एका बाईंनी परत केलेल्या पुस्तकात वांग्याच्या भरिताची फोडणी पान नंबर चाळीसपासून साठपर्यंत झिरपलेली होती, आणि वर त्या मला म्हणाल्या, 'भाऊ, एवढं वाचता वाचता केलं, तरी भरीत बिघडलं नाही बरं.' अशा गमतींवर पानं भरतील. पण मला लिहायला सांगितलंच आहे, तर जे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाही ते लिहितो. छापायचं की नाही ते संपादकांनी बघावं.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष होते आबा. आबाही पाटीलच. केळीचे मोठे बागायतदार, स्वतःचे ट्रक, बोलणं गोड, आवाज कधी चढायचा नाही. ते स्वतः पुस्तक वाचत नसत, पण वाचणाऱ्याचा मान ठेवत. माझी बायको पहिल्या बाळंतपणात अडली तेव्हा आबांनी स्वतःची जीप काढून तिला दवाखान्यात पोचवलं होतं. हे मी विसरलेलो नाही आणि खाली जे लिहितो आहे ते वाचताना वाचकांनीही विसरू नये. मी तेव्हा कायम झालेलो नव्हतो. कायम करणं कार्यकारिणीच्या हातात आणि कार्यकारिणी आबांच्या हातात.

आबांनी आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ वाचनालयाला एक कपाट द्यायचं ठरवलं. सागवानी, काचेची दारं, वर पितळी पाटी. आणि अट एकच. त्यात फक्त पाटलांनी लिहिलेली पुस्तकं ठेवायची. 'लोक म्हणतात पाटलाने नांगर धरावा. पाटलाने लेखणीही धरली आहे, हे दिसू द्या शिंपीभाऊ,' असं ते म्हणाले. मला हे हास्यास्पद वाटलं. आडनाव एक म्हणून होमिओपॅथी आणि कुस्ती शेजारी लावायची, म्हणजे पहिल्या आठवड्यातला धडा पुसून टाकायचा. पण मी 'छान कल्पना आहे' म्हणालो. माझ्या आवाजात मला तेव्हा खोट ऐकू आली नाही.

मग मी पाटील शोधायला निघालो. आणि सांगतो, त्या सहा-सात महिन्यांइतकी मजा मला नोकरीत पुन्हा आली नाही. आमच्याच मांडण्यांतून पंचवीस-तीस निघाले. मग धुळ्याला गेलो. आग्रा रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत दिवस दिवस बसलो, छापखान्यांतून फिरलो, कारण आमच्याकडे अर्धे लेखक स्वतःच्या पदरखर्चाने छापतात आणि गठ्ठे छापखान्यातच पडून असतात. केळीच्या करपा रोगावर लिहिणारा पाटील सापडला. घरगुती औषधं सांगणारा सापडला. एका तलाठी पाटलांनी शृंगारिक कविता लिहिल्या होत्या, आणि त्या त्यांनी अर्पण केल्या होत्या तहसीलदारांना. भूमितीची मार्गदर्शिका, सहकार कायद्याचा खुलासा, कुस्तीचे डाव, चार नाटकं, एक अमेरिकेचं प्रवासवर्णन. ते प्रवासवर्णन आबांच्या मेहुण्यांचं होतं, त्यात अमेरिका कमी आणि मेहुणे जास्त होते. धुळ्याच्या मंदाताई पाटील रहस्यकथा लिहायच्या. घरात स्वयंपाक, सहा माणसं, आणि दुपारी दोन ते चार खून. त्यांची सात पुस्तकं मिळाली.

कपाट भरलं. उद्घाटन झालं, स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला. दर्शनी दालनात ते कपाट असं दिसायचं की सभासद आधी तिकडे वळायचे. आणि गंमत म्हणजे ते चाललं. औषधाचं पुस्तक न्यायला आलेला माणूस शेजारची नाटकं न्यायला लागला. मी मनातल्या मनात आबांची माफी मागितली.

फोटो पाहून पारोळ्याकडच्या एका खेड्यातून एक गृहस्थ आले. धोतर, काळी टोपी, खांद्याला पिशवी. सुपडू त्र्यंबक पाटील. निवृत्त प्राथमिक शिक्षक, गावात सगळे नाना म्हणतात म्हणाले. पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पातळ पुस्तक काढलं. 'चाखलेलं पाणी' असं त्याचं नाव.

'मी पाटीलच आहे, भाऊ. चालेल का हे तुमच्या कपाटात?'

मी ते पुस्तक त्याच संध्याकाळी घरी नेलं. नानांच्या नोकरीत चौदा गावांना बदल्या झाल्या होत्या, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत. प्रत्येक गावात त्यांनी तिथल्या विहिरींची नोंद ठेवली होती. विहीर कोणी खणली, पाथरवट कुठला, किती पुरुष खोल, उन्हाळ्यात किती टिकते, आणि पाणी चवीला कसं. 'मचूळ पण डाळ शिजते.' 'गोड, परंतु पहाटेचंच.' 'या विहिरीत सून पडली होती, म्हणून गाव सहा महिने दुसऱ्या विहिरीवर गेलं, मग परत आलं, कारण तहान.' असं सगळं. कुठे अलंकार नाही, कुठे उपदेश नाही. पाच-सहा विहिरींपुढे फक्त एवढंच: 'पाणी चाखता आलं नाही.' कारण दिलेलं नाही. मला वाटलं, आटली असेल. मी तेव्हा पस्तिशीचा होतो आणि मला आटलेल्या विहिरीशिवाय दुसरं कारण सुचलं नाही, यावरून मी किती सुखात वाढलो ते कळेल.

त्या कपाटातलं सगळ्यात चांगलं पुस्तक ते होतं. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या महिन्यात नाना पुन्हा आले, काचेतून पुस्तक पाहिलं, हात न लावता पाहिलं, आणि पुढच्या गाडीने परत गेले. चहा सुद्धा घेतला नाही.

मग आबांकडे त्यांच्या समाजाच्या बैठकीसाठी बाहेरगावची मंडळी आली. आबांनी त्यांना कपाट दाखवायला आणलं. पाहुण्यांपैकी एकाने काचेवर बोट ठेवलं.

'हे सुपडू पाटील कोणते?'

आबांनी माझ्याकडे पाहिलं. 'कोणते हो, शिंपीभाऊ?'

'पारोळ्याकडचे,' मी म्हणालो.

पाहुणे हसले. आबाही हसले. 'गाव नाही विचारलं त्यांनी. बरं, बघून ठेवा.'

बस, एवढंच. 'काढून टाका' असं आबा म्हणाले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. 'बघून ठेवा.' मी पुढे वर्षानुवर्षं हा शब्द धरून बसलो, की त्यांनी मला कुठे करायला सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. मी केलं.

आता कोणाला पत्र लिहून 'आपली जात कळवा' असं विचारता येत नाही. मी एक युक्ती काढली, आणि लाज वाटते सांगायला, ती सुचली तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं. मी 'लेखक-परिचय पत्रिका' नावाचं जबाबी जोडकार्ड छापून घेतलं. पूर्ण नाव, जन्मगाव, शिक्षण, प्रकाशित पुस्तकं, आणि शेवटून दुसरा रकाना: 'मामांचे आडनाव व गाव.' आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेत हा रकाना असतोच. बापाचं आडनाव पाटील असलं तरी मामाचं आडनाव बोलतं. मामा कोण आणि कुठले हे कळलं की दुसरं काही विचारावं लागत नाही. कोणाला संशय येणार नाही, कारण आपल्या मामाबद्दल कोणी विचारलं तर माणूस खूशच होतो.

आणि खूश होऊनच उत्तरं आली. तलाठी कवींनी मामांवर आठ ओळी रचून पाठवल्या. फक्त धुळ्याहून मंदाताईंचं कार्ड आलं, त्या रकान्यात लिहिलं होतं: 'पुस्तकं मी लिहिली आहेत, मामाने नाही. हा रकाना कशासाठी आहे ते मला समजलं आहे. माझी पुस्तकं परत पाठवावी.' मी ते कार्ड आबांना दाखवलं. ते मनापासून हसले. 'बाई हुशार आहे. म्हणजे आपलीच असणार. राहू द्या तिची.' पण मी ती सातही पुस्तकं पार्सलने परत पाठवली. सबंध प्रकरणात मी केलेलं बरं काम तेवढंच, आणि तेही मंदाताईंनी करायला लावलं म्हणून.

नानांचं कार्ड सगळ्यात नीट भरलेलं होतं. शाळामास्तरचं वळणदार अक्षर. रकान्यात मावलं नाही म्हणून समासात लिहिलं होतं, की मामांनीच मला पाटी आणून दिली, मामा नसते तर मी गुरंच राखली असती. आणि मामांचं आडनाव. ते वाचलं आणि मला एकदम कळलं, त्या पाच-सहा विहिरींचं पाणी नानांना का चाखता आलं नव्हतं ते.

कार्ड मी खणात ठेवलं. मग उठलो आणि कपाटाचं कुलूप काढलं.

अर्धं कपाट रिकामं झालं. शेतीची, औषधाची, कायद्याची पुस्तकं मी त्या त्या विषयाच्या मांडणीत लावून टाकली, त्यांचं काही बिघडलं नाही. नानांचं पुस्तक कुठे लावायचं? भूगोल नाही, इतिहास नाही, कथा नाही. खोटं बोलतो आहे. जागा करता आली असती. चांगला ग्रंथपाल उंदराच्या आत्मचरित्रालाही जागा करतो. मला भीती ही होती, की नाना आले आणि पुस्तक दुसरीकडे दिसलं, तर ते विचारतील, तिथून का काढलं. दिसलंच नाही तर सांगणं सोपं होतं. मी ते मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. कपाटात मोकळ्या पडलेल्या जागी आबांच्या मेहुण्यांच्या अमेरिकेच्या आणखी पाच प्रती लागल्या. त्याच वर्षाअखेरीस मी कायम झालो.

दिवाळीनंतर नाना आले. या वेळी त्यांच्या पत्नी बरोबर होत्या. अक्का प्रथमच जळगावला आल्या होत्या, नवऱ्याचं पुस्तक काचेच्या कपाटात बघायला. नवं लुगडं, हातात पिशवी. नाना कपाटापुढे उभे राहिले, वरून खालपर्यंत पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग माझ्या टेबलाशी आले.

'शिंपीभाऊ, पुस्तक दिसत नाही.'

मी वर न बघता म्हणालो, 'वाचायला गेलंय, नाना.'

मग वर पाहिलं, तर म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला होता की मला पुन्हा खाली बघावं लागलं. ते अक्कांकडे वळले. अक्काच बोलल्या.

'मी सांगेल व्हतं ना! सकायपासून यास्नी काहीच खादं नही, भाऊ. पुस्तक व्हई का नही, व्हई का नही, गाडीमा तेच.' मग त्या पुढे वाकल्या. 'कोन लई गयं?'

कोणीतरी सभासद, असं सांगून भागलं असतं. पण त्या दोघांकडे बघून माझी जीभ सैल झाली. 'दीपनगरच्या वीज केंद्रात एक इंजिनिअर आहेत. त्यांना पाण्याच्या विषयात फार गोडी. त्यांनी नेलंय.'

'इंजिनिअर,' नाना म्हणाले. 'इंजिनिअर साहेब वाचताहेत.' आणि त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

एक थाप मारली की तिच्या पोटी दहा होतात. पुढच्या खेपेला पुस्तक परत साहेबांकडेच होतं, कारण त्यांना ते पुन्हा वाचायचं होतं. त्याच्या पुढच्या खेपेला साहेबांनी ते आपल्या मित्राला दिलं होतं. नाना वर्षातून दोनदा यायचे. मी रागावलो असतो त्यांच्या जागी, म्हटलं असतं, एकदा तरी मला माझं पुस्तक बघू द्या. नाना उलट समजूतदार झाले. 'एक प्रत पुरत नाही तुम्हाला,' म्हणाले, आणि पुढच्या वेळी चार प्रती घेऊन आले. मी नोंदवहीत क्रमांक टाकले, शिक्के मारले, त्यांच्यादेखत. ते गेल्यावर चारही पेटीत. दोन वर्षांनी आणखी दोन आणल्या. 'या शेवटच्या. घरात आता एकही नाही. पण घरात ठेवून काय करायचं, आम्हाला तर पाठ आहे.'

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण नाना म्हणाले, 'साहेबांना विचाराल का, त्यांच्या गावच्या विहिरीचं पाणी कसं आहे?' आणि मी म्हणालो, 'विचारतो.' आणि पुढच्या खेपेला सांगितलं, गोड आहे.

नानांना कुठून तरी सत्य कळलं असेल का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. कळलं असतं तर मला हलकं वाटलं असतं, म्हणून विचारत असेन. नव्हतं कळलं. तो माणूस सरळ होता. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर मचूळ लिहिणारा.

दरम्यान वाचनालयाची नवी इमारत झाली, आबांच्याच पुढाकाराने. कपाट नव्या दालनात गेलं, पेटी नव्या मागच्या खोलीत. पेटी हलवताना हमाल म्हणाला, 'यात काय भरलंय, साहेब?' मी म्हटलं, जुने कागद.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका सकाळी तिशीतल्या एक बाई आल्या. सुती साडी, खांद्याला पर्स, डोळे जागलेले. 'मी सुपडू मास्तरांची मुलगी. धुळ्याला दवाखान्यात नर्स आहे. बाबा गेले मागच्या गुरुवारी.'

मी उभा राहिलो. त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

'दोन कामं आहेत,' त्या म्हणाल्या. 'घरात बाबांच्या पुस्तकाची एकही प्रत नाही. एक मिळाली तर फोटोजवळ ठेवू. आणि दीपनगरच्या साहेबांचा पत्ता हवाय. रविवारी गंधमुक्ती आहे, सुतक फिटेल. बाबांनी सांगून ठेवलंय, त्याला माझ्या वाचकाला बोलवा. नातेवाइकांची नावं नाही सांगितली हो त्यांनी. हे एकच सांगितलं.'

'पुस्तक आणतो,' म्हणालो आणि मागच्या खोलीत गेलो. पेटी उघडली. सातही प्रती छापखान्यातून आल्यासारख्या कोऱ्या. एक घेऊन बाहेर आलो, तर त्या पाटलांच्या कपाटापुढे उभ्या होत्या. एकेक नाव वाचत होत्या, नावाखालचं गाव वाचत होत्या. मी लेखकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, गावांसकट, फार सुबक. खानदेशात वाढलेल्या माणसाला त्याहून जास्त काही लागत नाही.

'हे सगळे एकाच घरचे पाटील दिसताहेत,' त्या म्हणाल्या.

मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते घेतलं, पहिलं पान उघडलं नाही, शेवटचं उघडलं. वाचनालयाच्या पुस्तकात शेवटी एक कागद चिकटवलेला असतो. पुस्तक कोणी नेलं की त्यावर परतीच्या तारखेचा शिक्का पडतो. कागद कोरा होता.

'बाकीच्या प्रती आहेत ना?'

आणल्या. त्यांनी सातही प्रतींचं शेवटचं पान उघडून पाहिलं, घाई न करता, जसं पेशंटचा कागद बघतात तसं.

'साहेब कोण होते?'

'कोणी नव्हतं.'

त्यांनी सातही प्रती एकावर एक रचल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

'एकाने तरी वाचलं का हे?'

'मी वाचलंय. दोनदा,' मी म्हणालो. 'कपाटातलं सगळ्यात चांगलं पुस्तक ते होतं.'

'होतं,' त्या म्हणाल्या. त्यांनी एक प्रत पर्समध्ये ठेवली, बाकीच्या सहा माझ्याकडे सरकवल्या. 'मग रविवारी तुम्ही या. वाचकाला बोलवायचं सांगितलंय, तर वाचकाने यायला पाहिजे. आईला मी काही बोलणार नाही. तिला काय सांगायचं ते तुम्ही येऊन सांगा.'

रविवारी मी पांढरा सदरा घालून पहिली गाडी धरली. पारोळ्याला उतरलो. नानांच्या गावाकडे जाणारी गाडी फलाटाला लागलेली होती, गंधमुक्तीला निघालेली मंडळी तीत चढत होती, टॉवेल-टोप्या घेऊन. मी दारापर्यंत गेलो. आतून एक म्हातारा सरकला, मला जागा केली आणि आपुलकीने म्हणाला, 'या ना पाव्हणा. मास्तरना कोन तुम्ही?'

मास्तरांचा मी कोण? मी दारातून मागे सरलो. मी म्हटलं, 'तुम्ही व्हा पुढे.' गाडी गेली. मी स्टँडवर बसून राहिलो आणि दुपारच्या गाडीने जळगावला परत आलो.